एकदाच विचारायचं

भाऊ टिपणिसांना आयुष्यात एकच गोष्ट अव्वल दर्जाची जमली, ती म्हणजे आग्रह. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं स्टोअर सांभाळलं, तेही चोख सांभाळलं, पण त्याबद्दल त्यांना कुणी ओळखत नाही. हल्ली लग्नं हॉलमध्ये होतात, बुफे असतो, माणसं एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून जेवतात. तरीही मुंज, केळवण, साठीशांत अशा घरच्या कार्यात कुणी हौसेनं पंगत मांडली की पहिला फोन भाऊंना जातो. वाढायला काय, कुणीही मिळतं. भाऊंना बोलावतात ते आग्रहाला.

त्यांची एक पद्धत होती. पानावर दोन्ही हात आडवे धरून बसलेल्या माणसाशी ते कधी झटापट करत नसत. जिलबीचं ताट घेऊन शांतपणे उभे राहत आणि विचारत, "चिरंजीव काय करतात हल्ली?" चिरंजीव काय करतात हे सांगायला आपल्या माणसाला हात लागतात. हात उचलले गेले की जिलबी पानात. मग "एकटी बरी दिसत नाही" म्हणून दुसरी. कुणी साखरेचं दुखणं सांगितलं तर मात्र भाऊ ताबडतोब मागे सरत आणि त्याला मठ्ठ्याचा आग्रह करीत. खरं 'नको' आणि लाजेचं 'नको' आपल्याला चेहऱ्यावरून ओळखता येतं, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते येतही होतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, क्षिप्रानं, ठाण्याच्या विद्यापीठात 'वैश्विक नागरिकत्व' नावाचा विषय घेतला.

"नागरिकत्व म्हणजे? शेवटी पासपोर्ट देतात का?" भाऊंनी विचारलं.

"बाबा, जगात कसं वागायचं ते शिकवतात."

"ते घरी शिकवलं नाही होय आम्ही?"

क्षिप्रानं उत्तर दिलं नाही. बापाच्या विनोदांना उत्तर द्यायचं नाही, हे ती घरीच शिकली होती.

या विषयाचा भाग म्हणून नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठातले काही विद्यार्थी तीन आठवडे इकडे येणार होते. हॉटेलात नव्हे, इथल्या मुलांच्या घरी राहणार होते. आणि त्या बदल्यात इथले दोघे जण ऑगस्टमध्ये तिकडे एका सत्रासाठी जाणार होते. ते दोघे कोण, हे शिकवणाऱ्या ऋजुता मॅडम ठरवणार, आणि ठरवताना पाहुण्यांना विचारणार. क्षिप्राला ती जागा हवी होती. तसं तिनं तोंडानं कधी सांगितलं नाही, पण ती आंघोळ करताना डच भाषेतले आकडे म्हणायची आणि ते बाहेर सगळ्यांना ऐकू यायचे. पोरीनं आजवर काही मागितलं नव्हतं. हे एक तिला मिळावं, एवढंच भाऊंच्या मनात होतं.

पाहुणे यायच्या आधी यजमान पालकांना ठाण्याला बोलावलं. भाऊ आणि सरोजताई नीटनेटके होऊन गेले. ऋजुता मॅडम वयानं लहान, अंगात खादीचा कुर्ता, पायात धावायचे बूट, आणि बोलणं मात्र एकदम मुद्द्याचं. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी बाथरूमपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं समजावलं. मग जेवणाचा विषय निघाला.

"आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडे प्रेम म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास. त्यांनी नको म्हटलं की ते खरंच नको असतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, तर त्याचा अर्थ 'तू खोटं बोलतेयस' असा होतो. म्हणून एकदाच विचारायचं. आणि पानात आधी थोडंच वाढा. टाकावं लागलं तर त्यांना कानकोंडं होतं."

सरोजताईंनी नवऱ्याच्या कोपराला हळूच चिमटा काढला. भाऊंनी तो निमूटपणे सोसला.

परतताना रिक्षात क्षिप्रानं विषय काढलाच. "बाबा, प्लीज हां. तुमचं ते जिलबी-बिलबी तिच्यासमोर अजिबात नको. शपथ घ्या."

"कुणाची?"

"माझी."

जिलबीची शपथ भाऊंनी मोडली असती. मुलीची कशी मोडणार?

पाहुणीचं नाव फेमके. शहरनियोजन शिकणारी, इतकी उंच की दाराच्या चौकटीखाली सवयीनं वाकून आत आली. आल्याआल्या तिनं बूट बाहेर काढले, दोघांना वाकून नमस्कार केला, सरोजताईंच्या हातात बिस्किटांचा डबा दिला आणि अडखळत का होईना मराठीत म्हणाली, "तुमचं घर छान आहे." हात धुऊन जेवायला बसली ती खाली मांडी घालून, आणि डावा हात मांडीवर ठेवून उजव्या हातानं जेवू लागली. तिच्या विद्यापीठानं तिला चांगली पढवून पाठवलेली दिसत होती. सरोजताई तर पहिल्या पाच मिनिटांतच विरघळल्या.

त्या दिवशी त्यांनी वालाचं बिरडं केलं होतं. सरोजताईंचं बिरडं म्हणजे नात्यागोत्यात दाखला द्यायची चीज. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून, नारळाच्या दुधात शिजवलेलं. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे फेमकेच्या पानात वाटीच्या तळाशी राहील एवढं बिरडं, एक पोळी आणि मूदभर भात वाढला. ते तिनं बघता बघता संपवलं. भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी डब्यातून गरम पोळी उचलली.

"पोळी?"

"नको, धन्यवाद," फेमके मराठीत म्हणाली आणि हसली.

पोळी हवेतच राहिली. भाऊंच्या ओठांवर पुढचं वाक्य येऊन ठेपलं होतं, पण समोरून क्षिप्रानं डोळे वटारले. भाऊंनी पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. फेमके त्या डब्याकडे बघत राहिली. असा डबा त्यांच्याकडे मिळत नसेल, असं भाऊंना वाटलं.

"बिरडं?" सरोजताईंनी विचारलं.

"नको, धन्यवाद."

सरोजताई सुगरण होत्या, पण भाऊंइतक्या सोशिक नव्हत्या. स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी भांडी जरा जोरातच आपटली.

पुढचे दिवस याच चालीवर गेले. सोड्यांची खिचडी एकदा घेतली, दुसऱ्यांदा नको. शिरा एकदा, दुसऱ्यांदा नको. साबुदाण्याचे वडे तिच्यासमोर ठेवले तर एक उचलला आणि बाकीच्यांकडे बघत बसली. मधेच ती भाऊंकडे अशी काही बघायची की जणू ते आता काहीतरी बोलणार आहेत. भाऊ काही बोलायचे नाहीत. ती मान खाली घालायची. भाऊंना तो चेहरा वाचता येत होता. ते खरं 'नको' नव्हतंच, याची त्यांना आतून पुरती खात्री होती. पण मॅडम शिकलेल्या, त्यांना तिकडची माणसं ठाऊक. आपलं शास्त्र डोंबिवलीच्या बाहेर चालत नसेल, असं म्हणून ते गप्प बसायचे.

या सक्तीच्या मौनाचा परिणाम दुसरीकडे दिसू लागला. कुरिअर घेऊन आलेल्या माणसाला भाऊंनी दारात उभं करून चहा पाजला, वर बिस्किटं खाऊ घातली, आणि तो पळून जाताना त्याच्या खिशात दोन लाडू कोंबले. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस तर पोहे खाल्ल्याशिवाय सुटला नाही. फुकट चाललेला हा आग्रह बघून सरोजताईंनी कपाळाला हात लावला.

"मुलगी वाळत चाललीय हो," त्या म्हणाल्या. "गालफडं बघा तिची."

"आई, तिचं डाएट असेल," क्षिप्रा म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. कारण रोज तिच्या मोबाईलवर मेघनाचे फोटो येत होते. मेघना तिच्या वर्गातली, कल्याणला राहणारी. तिच्याकडे फेमकेची मैत्रीण लोट राहत होती. एका फोटोत लोटच्या ताटात भाकऱ्यांची चळत, दुसऱ्यात मटणाचा रस्सा, तिसऱ्यात मेघनाची आजी मीराबाई लोटच्या तोंडात घास कोंबतेय आणि लोट डोळे मिटून हसतेय. गाल तर असे वर आलेले की फोटोत मावत नव्हते.

"त्यांच्याकडे ती जेवते कशी मग?" भाऊंनी विचारलं.

"तिची भूक जास्त असेल," क्षिप्रा म्हणाली.

पालकांच्या त्या बैठकीला मीराबाईंना ठाण्याला यायला जमलं नव्हतं, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

एके संध्याकाळी भाऊ फडके रोडवरून भाजी घेऊन येत होते. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी त्यांना एक उंच सोनेरी डोकं दिसलं. फेमके एकटीच उभी होती आणि वडापाव खात होती. खात होती म्हणजे कशी, तर दोन घासांत अर्धा. तो संपला तसं गाडीवाल्यानं विचारलं, "ताई, और एक?"

"हो!" फेमके म्हणाली. पहिल्याच खेपेला. वर तळलेली मिरचीही मागितली.

भाऊ तिथूनच मागे वळले. गल्लीतून लांबचा वळसा घालून घरी आले. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. सरोजताईंना त्यांनी काही सांगितलं नाही, सांगवेना. गाडीवाल्याला 'हो' आणि आपल्याला 'नको', याचा अर्थ एकच होत होता. पोरीला भूक होती, आपलं घर नको होतं. इतक्या पंगती वाढल्या, पण असं तोंडात मारल्यासारखं भाऊंना कधी वाटलं नव्हतं.

दोनच दिवसांनी ऋजुता मॅडमचा फोन आला. क्षिप्रा गॅलरीत जाऊन बोलली आणि आत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. फेमके तेव्हा लोटबरोबर दुर्गाडी किल्ला बघायला गेली होती, म्हणून बोलता तरी आलं.

"फेमकेनं मॅडमना विचारलंय, उरलेले दिवस गेस्ट हाऊसला राहिलं तर चालेल का. म्हणते, माणसं खूप चांगली आहेत, पण मी त्यांना जड होतेय."

"जड?" सरोजताई ओरडल्याच. "ती खाते किती आणि जड काय होणार?"

"मॅडम म्हणाल्या, पाहुणी घर सोडून गेली तर तुझं नाव पुढे करणं मला कठीण जाईल. कमिटीला काय सांगू म्हणाल्या." क्षिप्रा बापाकडे वळली. "बाबा, खरं सांगा. तुम्ही तिला काही केलंत का?"

"शपथेवर सांगतो. मी काहीच केलं नाही."

आणि ते अगदी खरं होतं. भाऊंनी काहीच केलं नव्हतं.

क्षिप्रा मग रडली, अगदी लहानपणासारखी. "एवढं सगळं मॅडमनी सांगितल्याप्रमाणे केलं आपण. एकही चूक केली नाही. कसली ग्लोबल सिटिझन मी, एक मुलगी घरात टिकवता आली नाही." भाऊंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार? मुलीच्या वाटेत आपली वडापावच्या तोडीचीही किंमत नसलेली पोळी आली, असं त्यांच्या मनात येत होतं आणि ते त्यांना फार लागत होतं.

फेमके सोमवारी जायची ठरली. रविवारी घरात केळवण होतं. भाऊंचा भाचा मुकुल याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधीचं हे जेवण मामा-मावश्यांनी करायचं असतं. कल्याणहून माणसं यायची होती. इमारतीच्या गच्चीवर मांडव घालून, सतरंज्या अंथरून, केळीची पानं मांडून पंगत करायची हे भाऊंनी महिनाभर आधीच ठरवलं होतं. आता त्यांना त्यात गोडी उरली नव्हती, पण आमंत्रणं गेली होती.

"निदान जाताना तरी तिला चांगलं वाटू दे," सरोजताई म्हणाल्या. "आणि त्या मॅडमनाही बोलवा. काय झालं ते त्यांच्या डोळ्यांनी बघू देत."

रविवारी दुपारी गच्ची फुलून गेली. मुकुल मधोमध पाटावर, गळ्यात हार, चेहरा ओशाळलेला. त्याच्या शेजारी कल्याणचे मेव्हणे, मग बायका-मुलं, आणि टोकाला ऋजुता मॅडम व फेमके. फेमकेनं सरोजताईंची पैठणी नेसली होती आणि ती तिच्या घोट्याच्या बरीच वर आली होती. अळूवडी झाली, मसालेभात झाला, बिरडं झालं. मग भाऊंनी जिलबीचं ताट हातात घेतलं.

ताट हातात आलं आणि भाऊंचं दुःख हलकं झालं. काही माणसांचं हे असं असतं. पायजम्यावर रेशमी कद नेसलेला तो गृहस्थ पंगतीच्या डोक्याशी उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी आपोआप पानावर हात आडवे धरले.

"मुकुल, तू तर उत्सवमूर्ती. घे."

"मामा, नको ना! शेरवानी बसायची नाही."

"शेरवानी सैल करून देतात. जिलबी कोण करून देणार आहे?" एक पडली. "आणि ही सूनबाईच्या वाटची. ती इथे नाही, तुलाच खायला हवी."

मेव्हणे दोन्ही हातांनी पान झाकून सावध बसले होते. भाऊंनी त्यांच्याकडे ताट केलंच नाही. "नवीन फ्लॅटला पार्किंग मिळालं म्हणे?" मेव्हण्यांनी दोन्ही हातांनी पार्किंगची लांबी-रुंदी दाखवली. दोन जिलब्या. पंगत हसून लोळली.

ऋजुता मॅडमपाशी आल्यावर भाऊ जरा थबकले. पण त्यांना शपथ फक्त फेमकेपुरती होती.

"मॅडम?"

"नको नको, खरंच नको हो भाऊ."

"तुमच्या आईनं सांगितलंय, पोरगी नोकरीच्या नादात जेवत नाही म्हणून."

"माझ्या आईला तुम्ही कधी भेटलात?"

"सगळ्या आया एकच सांगतात."

मॅडम हसल्या, हात बाजूला झाला. एक, दुसरी, आणि तिसरी "विद्यापीठाची". मॅडमनी तीही घेतली, बिनतक्रार.

मग फेमके. भाऊंचं हसू आत गेलं, खांदे आवळले गेले. त्यांनी ताट पुढे केलं आणि अगदी सभ्य, सरकारी आवाजात विचारलं, "जिलबी?"

"नको," फेमके म्हणाली.

भाऊंनी मान डोलावली आणि पुढे पाऊल टाकलं.

"भाऊ."

आवाज मोठा नव्हता, पण असा काही होता की अख्खी पंगत थांबली. भाऊ वळले. फेमकेचे निळे डोळे काठोकाठ भरले होते. तिनं शब्द एकेक जुळवत, मराठीतच विचारलं, "मला आग्रह का नाही?"

आपल्या विद्यापीठात हा शब्द शिकून, गिरवून, जपून आणलेली ती पोर, पैठणी नेसून टिपणिसांच्या गच्चीवर मांडी घालून बसली होती आणि तिला आग्रह हवा होता. बाकीचं तिनं इंग्रजीत सांगितलं, भराभर, इतक्या दिवसांचं साचलेलं. तिच्या प्राध्यापिकेनं शिकवलं होतं, महाराष्ट्रात घरी कुणी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतं, घरच्यांचा मान राहत नाही. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. यजमान तिसऱ्यांदा विचारतात, तेव्हा घ्यायचं. "मी रोज वाट बघते. तुम्ही रोज पहिल्या नकोनंतर डबा बंद करता. लोट म्हणते, तिच्या घरची आजी तर पाचव्यांदाही ऐकत नाही. आज तुम्ही सगळ्यांना विचारलंत, हसवलंत. फक्त मला सोडून. मला कळलं, मी तुम्हाला नकोशी आहे."

ऋजुता मॅडमच्या हातातली जिलबी तोंडाशी जाता जाता थांबली. क्षिप्रा वाढायचं पातेलं घेऊन तशीच उभी होती.

"अगं, पण आम्हाला सांगितलेलं..." क्षिप्राच्या तोंडून कसंबसं निघालं. "आम्हाला सांगितलेलं, एकदाच विचारायचं. तुमच्याकडे नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारलं तर तुझा अपमान होतो."

फेमकेनं आधी तिच्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडमनी जिलबी पानात ठेवली आणि मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय असं वाटलं, पण त्या हसत होत्या, तोंडावर डावा हात दाबून. "त्यांच्या प्राध्यापिकेनं आणि मी हा सगळा कार्यक्रम मिळून आखला," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला व्हिडिओ कॉल. त्यांनी त्यांच्या मुलांना आपल्यासारखं वागायला शिकवलं, मी आपल्या मुलांना त्यांच्यासारखं. दोघींनी काम एकदम उत्तम केलं. फक्त एकमेकींना सांगायचं राहिलं."

हसण्याची जी लाट उठली ती खालच्या मजल्यांपर्यंत गेली. हसले नाहीत ते फक्त भाऊ. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली होती, ही पोर इतके दिवस आपल्या घरात अर्धपोटी राहिली. बिरडं असताना, पोळ्या असताना, आपण समोर बसलेले असताना. त्यांनी जिलबीचं ताट मुकुलच्या हातात दिलं, फेमकेच्या पानासमोर सरळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सरोज, बिरडं आण. पातेलंच आण."

"क्षिप्रा?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "शपथ?"

"सुटली, बाबा! सुटली!"

मग भाऊंनी जो आग्रह केला तो डोंबिवलीत अजून सांगतात. बिरडं पहिल्यांदा विचारलं, फेमके म्हणाली, "नको." दुसऱ्यांदा विचारलं, "नको!" आता तिला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्यांदा भाऊ काही बोलले नाहीत, नुसते डाव भरून वाट बघत राहिले. फेमकेनं आपण होऊन दोन्ही हात बाजूला केले. पंगतीनं टाळ्या वाजवल्या. बिरड्यानंतर भात, भातानंतर जिलब्या. तिच्या वडिलांच्या नावची एक, तिच्या राणीच्या नावची एक. त्यांना राणी आहे की राजा, यावर मेव्हण्यांनी वाद काढला, तेव्हा भाऊंनी दोघांच्याही नावच्या वाढल्या. सरोजताई पाठीमागे उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि "अहो, पुरे आता, पोट फुटेल तिचं," म्हणत होत्या. पण पातेलं त्यांनीच पुढे सरकवलं.

फेमके सोमवारी कुठेही गेली नाही. उरलेले दिवस ती जेवली, आणि मग काय जेवली! शेवटच्या आठवड्यात तर तिनं पोळ्यांचा डबा स्वतः हातात घेतला आणि क्षिप्राला "एकटी बरी दिसत नाही" म्हणून पोळी वाढली. ऋजुता मॅडमनी त्यांच्या पडद्यावरचं ते चित्र काढून टाकलं. त्या जागी आता काय घालावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. पाहुण्यांनाच विचारावं, हे बरं, असं त्या वर्गात म्हणाल्याचं क्षिप्रानं सांगितलं. आणि परीक्षा संपता संपता निकाल लागला, ऑगस्टमध्ये जाणाऱ्या दोघींत एक मेघना आणि दुसरी क्षिप्रा. क्षिप्रा राहणार फेमकेच्याच घरी. भाऊंनी इमारतभर पेढे वाटले. दोनदा वाटले. पहिल्यांदा ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्यासाठी दुसरी फेरी होती.

आनंदाच्या त्या भरात फेमकेचं फोनवरचं एक वाक्य मात्र भाऊंच्या मनात रुतून बसलं. "क्षिप्राला सांगा, माझी आई खूप प्रेमळ आहे. पण ती खरंच एकदाच विचारते हं."

भाऊंनी लेकीकडे नीट बघायला सुरुवात केली. आणि त्यांच्या लक्षात आलं, की या मुलीनं जन्मात कधी पहिल्यांदा 'हो' म्हटलेलं नाही. दूध हवंय का, नको. पोळी हवीय का, नको. भूक नाही, वेळ नाही, लेक्चर आहे. आणि तिच्या त्या प्रत्येक नकोवर आपण उभे राहून, गोड बोलून, रागावून, तिला जेवायला घातलंय. हे तिला ठाऊकही नाही. तिला वाटतं, ताटात पोळी येते ती अशीच येते.

निघायला थोडे दिवस उरले होते. दुपारी तिघं जेवायला बसले. क्षिप्रा मोबाईलमध्ये व्हिसाचं काहीतरी वाचत होती. तिची पोळी संपली.

"पोळी वाढू?" भाऊंनी विचारलं.

"नको," क्षिप्रा म्हणाली, वर न बघता.

भाऊंनी हातातली पोळी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. सरोजताईंचा घास हातातच राहिला. त्या काही बोलणार, तेवढ्यात भाऊंनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. स्वतःच्या पानातला भात ते चिवडत राहिले.

क्षिप्राचा हात सवयीनं पानाकडे गेला. पानात काही नव्हतं. तिनं पानाकडे बघितलं, मग डब्याकडे, मग बापाकडे.

"बाबा?"

"फेमकेची आई दुसऱ्यांदा विचारणार नाही, बाळा," भाऊ म्हणाले. "मी तिथे नसेन."

क्षिप्रानं मोबाईल पालथा ठेवला.

"पुन्हा विचारा," ती म्हणाली.

"पुन्हा नाही. दुसरं विचारतो. भात घेतेस?"

"हो," क्षिप्रा म्हणाली. पहिल्याच खेपेला, चक्क, स्वच्छ आवाजात.

भाऊंनी तिला भात वाढला, वर तूप घातलं. उभ्या हयातीत पंगतीला त्यांनी हजारो नको मोडून काढले होते, त्यांतल्या एकानंही त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. ते त्या एका 'हो'नं आणलं. आणि ते त्यांना बराच वेळ लपवताही आलं नाही.